डोळ्यांखालची रेघ

१

गॅसवर चहा ठेवायचा आणि त्याला उकळी येईस्तोवर आपले डोळे उरकून घ्यायचे, हा दामिनीचा रोजचा नेम. डोळे म्हणजे डोळ्यांखालचं काळं. आधी नारिंगी करेक्टरचा ठिपका, त्यानं निळसर झाक दबते. मग वरून कातडीच्या रंगाचं कंसिलर, अनामिकेच्या टोकानं, टिपत टिपत. घासायचं नाही, ओढायचं नाही. अनामिका हे हाताचं सगळ्यांत दुबळं बोट, त्याचा भार कातडीवर पडत नाही, आणि बोटाच्या उबेनं क्रीम आपोआप मुरतं. शेवटी पावडरचा हलका हात. एवढं झालं की बाई रात्रभर गाढ झोपून उठल्यासारखी दिसते. झोप लागली होती की नाही, हे कोण विचारतो?

अड्याळच्या बाजारामागच्या गल्लीत तिचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे घराचीच समोरची खोली. एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा आणि भिंतीवर हसणाऱ्या नट्यांची पोस्टरं. मागच्या खोलीत सासऱ्यांचा, गोपाळरावांचा, हातमाग. दिवसभर पुढं बायकांच्या गप्पा आणि मागं धोट्याची खटखट, असं ते घर चालायचं.

दामिनीचा नवरा हेमराज मागच्या पावसाळ्यात मोटरसायकलवरून पडून गेला. तिनं कुंकू सोडलं, चुडा सोडला. पार्लर सोडलं नाही, कारण पोट काही सोडता येत नाही. विधवा बाई तोंडाला लावते म्हणून गल्लीत कुजबुज झालीच. दामिनीकडं उत्तर तयार होतं.

"हे शृंगारात येत नाही वो. शृंगार दाखवाले असते, हे झाकाले असते."

उत्तर इतकं बिनतोड होतं की गल्ली गप्प बसली. दामिनीलाही ते हळूहळू खरंच वाटायला लागलं.

खरी काळजी होती ती रेणूची. एकुलती एक मुलगी, पदवी झालेली, नाकीडोळी नीटस. पण बाप गेल्यापासून तिच्या डोळ्यांखाली काळं साचलं ते हटायचं नाव घेईना. पोरगी रात्री झोपत नव्हती. दामिनीला हे ठाऊक होतं, कारण तीही झोपत नव्हती. एकाच खोलीत मायलेकी जाग्या पडायच्या आणि दोघीही झोपल्याचं सोंग करायच्या. हेमराजचं नाव त्या घरात कुणी काढत नसे. पाहायला आलेली स्थळं मात्र चहा पिऊन परत जायची आणि मागून निरोप यायचा, पोरगी बिमार दिसते.

२

संक्रांतीच्या तोंडावर शेजारच्या शोभाताई गेल्या. तापानं अंथरूण धरलं होतं ते सुटलंच नाही. सवाष्ण गेली म्हणताना बायका जमल्या. हिरवं लुगडं आलं, हिरवा चुडा आला, मळवट भरायला कुंकू आलं. शोभाताईंचे यजमान मारोतराव भिंतीला टेकून बसले होते. ते एकाएकी उठून दामिनीपाशी आले.

"दामिनी, पोरगा पुण्यावून निघाला. आईले असं पाहिलं तं जीव टाकीन तो. तिचे डोये पाह्य ना कसे झाले. झोपल्यावानी दिसली पायजे बापा ते."

बायका चपापल्या. विधवेनं सवाष्णीला सजवायचं म्हणजे काय? कुंताकाकू त्यांच्यातल्या सगळ्यांत वडील. असल्या कामाला गल्लीत त्यांचाच शब्द चाले. त्यांनी भुवया चढवल्या.

"काकू, कुंकू-बांगड्या तुम्ही करा," दामिनी म्हणाली. "मी फक्त डोळ्याखालचं झाकतो. हे शृंगारात येत नाही."

कुंताकाकूंनी थोडा विचार केला आणि होकारार्थी मान हलवली.

दामिनीनं पर्समधून कंसिलरची डबी काढली. शोभाताईंचा रंग नेमका रेणूचा रंग, गहूवर्णी. रेणूसाठी म्हणून नागपूरहून आणलेली नवी डबी होती ती. बोटानं क्रीम टिपलं, पण गार कातडीवर ते मुरेना, नुसतं वर तरंगत राहिलं. मग दामिनीनं ते आपल्या तळहातावर चोळून ऊन केलं आणि पुन्हा टिपलं. असं पुन्हा पुन्हा. आपली ऊब उसनी देत गेली म्हणा ना. हळूहळू काळं बुजलं, डोळ्यांखाली एकसारखी नितळ कातडी आली. आयुष्यात इतकं सफाईचं काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. पोरगा आला तो दारातच थबकला. "आई झोपली का?" म्हणाला, आणि मग रडला.

गावची रीत अशी की गेलेल्या सवाष्णीला ज्यानं नटवलं ते सगळं तिच्याच पदरात बांधायचं. फणी, आरसा, करंडा, काजळाची डबी. तिच्याबरोबर तेही जातं.

"सारं ठेवलं ना वो?" कुंताकाकूंनी गाठ मारता मारता विचारलं. "तिच्या अंगाले लागलं ते घरी नेवाचं नाही."

"ठेवलं," दामिनी म्हणाली.

डबी पर्समध्ये होती. आपण खोटं बोललो असं तिला वाटलंसुद्धा नाही. ती डबी शृंगारात येतच नव्हती.

३

एकोडीचं स्थळ त्यानंतरच्या आठवड्यात आलं. वासुदेवराव धानाचे व्यापारी, त्यांचा मुलगा कुंदन साकोलीला बँकेत. घर खातंपितं, मुलगा निर्व्यसनी. अशी स्थळं रोज दार ठोठावत नसतात. हे हातचं गेलं तर रेणूला बिमार पोरगी म्हणूनच गाव ओळखणार, अशी दामिनीला धास्ती होती.

तिनं रेणूला फिरत्या खुर्चीत बसवलं. आरशातली रेणू आईकडं पाहत होती. डोळ्यांखाली बुक्क्याची बोटं ओढल्यासारखं काळं.

"आई, एक बोलू का?"

"मंग बोलजो. आता डोये मीट."

रेणूनं डोळे मिटले. जे बोलायचं होतं ते पापण्यांच्या आत राहिलं.

दामिनीनं डबी उघडली आणि तिचं बोट अधांतरी थांबलं. वापरलेल्या डबीत बोटाचा खड्डा पडलेला असतो. त्या दिवशी शोभाताईंसाठी तिनं चांगलंच क्रीम उकरलं होतं. आता वरचा थर सपाट होता, साय धरल्यासारखा. उन्हानं वितळून सारखं झालं असेल, ती स्वतःशी म्हणाली. जानेवारीतलं ऊन ते! पण पाहुणे निघाल्याचा फोन येऊन गेला होता आणि रेणूच्या रंगाची दुसरी डबी घरात नव्हती.

यावेळी टिपायलाही फार लागलं नाही. बोट लावलं आणि काळं गेलं. डोळ्यांखाली नारिंगी करेक्टर लागलं नाही, पावडर लागली नाही. मागच्या खोलीतली खटखट तेवढ्यात बंद झाली. सूत तुटलं असेल.

४

पाहुण्यांना रेणू पसंत पडली. वासुदेवरावांच्या मंडळी उषाबाई तर तिच्यावरून नजर काढेनात.

"किती शांत चेहरा आहे वो पोरीचा! आजकालच्या पोरी पाहा, कपाळावर सदा आठ्या."

कुंदनच्या हातून बशीतला चहा त्याच्याच शर्टावर सांडला. सगळे हसले. रेणूही हसली, तिचं हसणं तसं मोठं होतं. दामिनी कौतुकानं लेकीकडं पाहत होती. पाहता पाहता तिला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. पाहुणे गेल्यावर, कपबशा विसळताना, तिच्या ध्यानात आलं.

कंसिलर कितीही भारी असो, तासाभरात डोळ्यांखाली रेघ धरतंच. बाई हसते, बोलते, डोळे बारीक करते. कातडी हलते आणि क्रीम त्या घडीत जाऊन बसतं. शिकायला येणाऱ्या मुलींना दामिनी हे पहिल्याच दिवशी सांगायची. जित्या माणसाच्या चेहऱ्यावर रेघ येणार, आपण ती फक्त थोडी लांबवायची.

रेणू दुपारपासून हसत होती, बोलत होती. तिच्या डोळ्यांखाली रेघ नव्हती.

क्रीम चांगलं निघालं, दामिनीनं मनाशी ठरवलं. नागपूरचा माल आहे. कारागिराला माल चांगला लागला की त्यानं नशिबाचे आभार मानावेत, शंका काढू नये. तिनं कपबशा फडताळात ठेवल्या.

५

संध्याकाळी खोबरेल तेलाचा बोळा घेऊन ती रेणूचा चेहरा पुसायला बसली. बोळा फिरवला आणि पाहिला. पांढरा. दुसरा घेतला, तोही पांढरा. गालावरची पावडर निघाली, ओठांचा रंग निघाला. डोळ्यांखालून काहीच निघालं नाही. आणि तिथं काळंही नव्हतं.

"आई, इथं थंडगार लागून राहिलं," रेणू म्हणाली.

"थंडीचेच तं दिवस आहेत."

"आतून."

दामिनीनं हात लावून पाहिला. कपाळ ऊन, गाल ऊन, आणि डोळ्यांखाली दोन बोटं जागा माठासारखी गार. तेल लावलं म्हणून असेल, ती म्हणाली. तेल गार असतं.

त्या रात्री रेणू झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावरही झोपली. मग रोजच. दामिनीला आधी बरंच वाटलं. झोपेचं किती देणं साचलं होतं लेकराचं! तिनं गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगितलं, गोपाळरावांना दुपारचा माग बंद ठेवायला सांगितलं. घर गपगार झालं. पण ती पोरगी लहानपणापासून कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपायची. आता उताणी झोपत होती, पाय सरळ, हात दोन्ही बाजूंना. एकदा मान वळवून रजईच्या जाड शिवणीवर गाल टेकवून ती बराच वेळ पडली होती. उठली तेव्हा गालावर शिवणीचा वळ नव्हता. दामिनीनं रजईकडं पाहिलं, गालाकडं पाहिलं आणि रजई घडी करून ठेवली.

एकोडीहून होकार आला. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली.

६

"सूनबाई," एका सकाळी गोपाळराव मागावरून म्हणाले, "रेणू आता हासली का?"

"हो मामाजी. फोनवर बोलून राहिली कुंदनरावासंगं."

"हासल्याचा आवाज आला मले." म्हाताऱ्यानं धोटा खाली ठेवला. "पण मी तिच्या तोंडाकडंच पाहून राहिलो होतो ना."

त्या दिवसापासून ते रेणूकडं पाठ करून जेवायला बसू लागले.

दामिनीनं मग सगळे उपाय करून पाहिले. डाळीचं पीठ लावलं, साबण लावला, कढत पाण्याची वाफ दिली. रेणू मुकाट्यानं करून घ्यायची. नितळपणा हटला तर नाहीच, तो पसरत चालला. नाकाच्या कडेची हसताना पडणारी घडी गेली. कपाळावरची, अभ्यास करताना पडायची ती, गेली. गल्लीतल्या बायका विचारायला येऊ लागल्या, काय लावतेस वो पोरीले? आणि दामिनी रात्री उठून बॅटरीच्या उजेडात लेकीचा चेहरा पाहत बसायची, कुठं एखादी रेघ दिसते का म्हणून. जे काळं घालवायला तिनं देव पाण्यात घातले होते, ते परत मिळावं म्हणून ती आता देवाला हात जोडत होती. कुणाला सांगणार? पोरगी फार छान दिसते, अशी तक्रार करणार?

शेवटी ती कुंताकाकूंकडं गेली. काकू पाट्यावर वाटण वाटत होत्या. दामिनीनं सगळं सांगितलं, डबीसकट.

काकूंचा वरवंटा थांबला.

"तू तं सारं ठेवलं म्हटलं होतं."

"मले वाटलं, ते शृंगारात येत नाही. काकू, आता नेऊन ठेवतो ना ते. सांगान तिथं ठेवतो."

"कुठं ठेवतं? मारोतरावानं राखसुदीक नदीत सोडली. आता ठेवाले शोभा कुठं आहे?"

"मंग मी काय करू?"

काकू उठल्या, हौदावर गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. परत आल्या त्या दामिनीपासून दूर बसल्या.

"आता लग्नाचं तेवढं पाह्य," एवढंच म्हणाल्या.

दामिनीनं घरी येऊन डबी उघडली. आत काहीच नव्हतं. तळ कोरा, बोट न लागल्यासारखा.

७

साक्षगंधाच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. एकोडीची मंडळी सकाळीच आली. कुणी मोबाइलवर गाणी लावली होती, स्वयंपाकाच्या मोठ्या गंजातून वाफ येत होती. पार्लरच्या खोलीत दार लोटून दामिनी रेणूला तयार करत होती. खरं तर करायला काही उरलंच नव्हतं. हिरवी साडी, गजरा, बांगड्या. चेहऱ्याला तिनं हात लावला नाही.

खुर्चीत रेणू डोळे मिटून बसली होती. एखादं चित्र पुसून नीट करावं तसा तो चेहरा होता. त्यावर आनंद नव्हता, दुःख नव्हतं, नुसती झोप होती. दामिनीला वाटलं, आपण हिला ओळखत नाही. ही आपली पोरगी असेल तर तिला आज कुठं ना कुठं दुखलंच पाहिजे. आणि जे नाव त्या घरात इतके दिवस कुणी काढलं नव्हतं, ते तिनं काढलं.

"आज तुये बाबा पायजे होते, रेणू."

रेणू हलली नाही.

"मांडवात सगळ्यांच्या समोर नाचले असते. तुले आठवते, तू कॉलेजात गेली तेव्हा बस निघाली तरी हात हलवत उभे होते. गाडीवून पडले त्या दिवशी बी जातानी तुलेच हाक मारली होती त्यानं. रेणू म्हणून. तू आतमंधी होती, तुले ऐकू नाही गेलं."

दामिनीचे डोळे वाहू लागले. तिचं सकाळी लावलेलं कंसिलर ओघळून गालावर आलं. तिनं आरशात पाहिलं. खुर्चीत झोपलेली नवरी, मागं रडून विद्रूप झालेली आई.

"तुले काहीच नाही का वाटत वो?" ती ओरडलीच. "बाप होता तो तुया! एक टिपूस नाही? एक रेघ नाही तोंडावर?"

रेणूचे ओठ जरासे उघडले. पापण्या मिटलेल्याच होत्या. आवाज तिचाच होता, पण दुसऱ्या खोलीतून यावा तसा, लांबून.

"आई, मी रडूनच तं राहिली. कवाची. तुले दिसत नाही का?"

दामिनीनं तिच्या डोळ्याखाली बोट ठेवलं. अनामिकाच. सवयीनं तेच बोट पुढं झालं. कातडी कोरडी आणि गार होती. मग बोटाखाली, कातडीच्या मागं, काहीतरी हललं. ऊन ऊन काहीतरी हळूहळू खाली सरकत होतं. ते गालाच्या आतून उतरलं, हनुवटीपाशी पोचलं, आणि बाहेर आलं नाही. लगेच दुसरं सुरू झालं.

"रेणू," दामिनी म्हणाली. "रेणू, इकडं ये माय. बाहेर ये."

दार ढकलून उषाबाई आत आल्या. हातात ओटीचं ताट, तोंडावर हसू.

"झालं का वो? मुहूर्त टळून राहिला."

"हे लग्न थांबवा," दामिनी त्यांच्या आडवी झाली. "पोरगी रडून राहिली. तुमच्या पाया पडतो, तिले नका नेऊ. ते रडून राहिली!"

उषाबाईंनी खुर्चीतल्या रेणूकडं पाहिलं. मग दामिनीचा ओघळलेला चेहरा पाहिला आणि मायेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडून तं तुमी राहिल्या, विहीणबाई. मायचं काळीज असतेच असं. मी बी माह्या पोरीच्या वेळेस अशीच पायात आडवी झाली होती. पोरगी पाहा, कशी शांत आहे!"

त्यांनी रेणूचा हात धरला आणि तिला उठवलं. रेणू उठली. दारापर्यंत ती नीट चालत गेली, डोळे मिटून, कुठंही न अडखळता. बाहेर बायकांनी तिला पाहिलं आणि सगळ्या एकदम म्हणाल्या, किती छान दिसते!

दामिनी खुर्चीला धरून उभी राहिली. बोटाला ती ऊब अजून लागलेली होती. तिनं बोट उजेडात धरून पाहिलं. ते कोरडं होतं.